भोंग्याची फिर्याद

१

बेलखडीचा भोंगा चोरीला गेला, ही बातमी तालुक्याच्या ठाण्यात सगळ्यांनी हसण्यावारी नेली. उसाच्या पाण्याच्या मोटारी जातात, शर्यतीची खोंडं जातात, केबल जाते. पण देवळावरचा भोंगा नेऊन कुणी करणार काय?

सहायक फौजदार संयोगिता फडतरे हसली नाही. ती साताऱ्याची, बदली होऊन इकडं आलेली. एकशे बारा नंबरवरून आलेला निरोप ज्यानं घेतला तो हवालदार केरबा ड्यूटी संपवून निघताना तिला म्हणाला होता, "बाईमाणूस होतं मॅडम. तोंडाला पदर लावून बोलल्यागत. भोंगा चोरलाय म्हणाली, आणि जाता जाता म्हणाली, बाई पोलीस पाठवा."

भोंग्याच्या चोरीला बाई पोलीस कशाला, एवढा एकच प्रश्न डोक्यात घेऊन संयोगिता बुधवारी सकाळी बेलखडीत उतरली. सोबत जीप चालवणारा शिपाई सयाजी.

गावाचं नाव झालं होतं ते ह्या भोंग्यामुळंच. रोज संध्याकाळी सातला भैरोबाच्या देवळावर तो वाजला की घरोघरचे टीव्ही आणि मोबाईल बंद. दीड तासानं पुन्हा वाजेपर्यंत पोरांनी अभ्यास करायचा आणि थोरांनी त्यांना करू द्यायचा. तीन वर्षं हा नेम मोडला नव्हता. बक्षीस मिळालं होतं, पेपरात फोटो आले होते, आणि येत्या शनिवारी मुंबईहून पाहणी पथक यायचं होतं.

देवळापाशी सुभेदार लालासाहेब जगदाळे उभे होते. फौजेतून येऊन बरीच वर्षं झाली, तरी पाठीचा कणा सरळ. भोंगा समितीचे अध्यक्ष तेच आणि तंटामुक्ती समितीचेही तेच.

"तुमास्नी उगाच हेलपाटा पडला मॅडम," ते म्हणाले. "गावातलं गावात मिटवलं असतं आमी. आमच्या गावातनं एक तक्रार ठाण्यात गेलेली न्हाई आजवर. कमानीवर पाटी वाचली असंल तुमी."

"वाचली. फोन कुणी केला मग?"

"तेच शोधतोय."

जिन्याचं कुलूप काढून दोघं गच्चीवर गेली. भोंगा जिथं बसवला होता तिथं चारी बोल्ट काढून एका रांगेत ठेवलेले होते. उघड्या पडलेल्या तारांना सुती चिंधी घट्ट गुंडाळली होती. वर खेळायला येणाऱ्या पोराचा हात लागू नये म्हणून, हे उघड होतं. असा काळजीवाहू चोर संयोगितानं पाहिला नव्हता. तिनं चिंधी सोडवून घेतली. बोटांना पांढरं लागलं.

"चुना असंल," सुभेदार म्हणाले.

तिनं वास घेतला. ज्वारीचं पीठ होतं.

"चोरी कळली कधी?"

"काल मंगळवारी सातला. भोंगा वाजंना, तवा मी वर आलो. त्याआधी कुणालाच पत्ता न्हवता."

संयोगितानं नुसती मान हलवली. केरबानं निरोप घेतला तो काल दुपारी जेवणानंतर, आणि सहाला तो घरी गेला. म्हणजे बेलखडीला सातला कळलेली चोरी ठाण्याला दुपारीच कळली होती. फोन करणारीला चोर माहीत होता. नाहीतर ती स्वतःच चोर होती.

२

"जिन्याची चावी?"

"आमच्या सोप्यात खुंटीला असती. घरच्याशिवाय कुणी हात लावत न्हाई."

सुभेदारांच्या घराकडं जाताना तिनं सहज विचारावं तसं घरात कोण कोण हे विचारून घेतलं. ते स्वतः, मंडळी राहीबाई, मुलगा शिवतेज आणि सून स्वानंदी. शिवतेजची पिठाची गिरणी होती. सून वाईची.

"सूनबाई भेटतील ना?"

"माहेराला गेलीया परवाच. तिच्या भावाच्या पोराचं बारसं हाय."

घर नीटनेटकं होतं. भिंतीला फौजेतले फोटो, काचेच्या कपाटात बक्षिसाची ढाल. शिवतेज आतल्या खोलीत जेवत होता. दार उघडंच होतं. देखणा, हसतमुख माणूस. त्यानं तिथूनच नमस्कार केला आणि म्हणाला, "सापडंल मॅडम भोंगा. न्हाई सापडला तर नवा घेऊ, माझ्याकडनं गावाला."

राहीबाई चहा घेऊन आल्या. साठीच्या, अंगानं दणकट, पदर कपाळापर्यंत. बशीत ग्लुकोजची बिस्किटं होती. "पीठच न्हाई घरात, न्हाईतर थालीपीठ लावलं असतं," त्या म्हणाल्या.

सुभेदार कसनुसे हसले. "गिरणीवाल्याच्या घरात पीठ न्हाई. काय सांगतीस पाहुण्यांना." तेवढ्यात त्यांचा फोन वाजला आणि ते बोलत अंगणात गेले.

"मी साताऱ्याची, मावशी," संयोगिता म्हणाली. "वाई आम्हाला जवळच. सूनबाई कुणाकडच्या?"

राहीबाईंनी कपाकडं बघत उत्तर दिलं. आवाज होता तसाच, एका पट्टीतला. "आईबापाची एकुलती एक हाय. पाठीला ना भाऊ ना भन. लय लाडात वाढलेली."

आतल्या खोलीत ताटलीवरचा हात थांबला, की तसा नुसता भास झाला, हे संयोगिताला सांगता आलं नसतं. ती पुढं काही विचारणार, तोच सुभेदार परत आले आणि राहीबाई कप गोळा करून आत गेल्या.

बारसं होतं भावाच्या पोराचं. आणि सुनेला भाऊच नव्हता.

३

गावात कुणालाही विचारलं तरी संशयाचं बोट एकाच माणसाकडं जात होतं. स्टँडसमोर मोबाईलचं दुकान असलेला धैर्यशील. भोंग्यानं माझं वाटोळं केलं, असं तो गेली तीन वर्षं गावभर सांगत होता.

संयोगिता दुकानात शिरली तेव्हा तो रिचार्ज मारत होता. तिला बघून त्यानं आधी गिऱ्हाइकाला वाटेला लावलं.

"मीच ना? ठावं होतं मला," तो म्हणाला. "मॅडम, बाहेर या जरा."

दुकानाच्या बाजूला त्यानं पत्र्याची शेड काढली होती. बाकडी मांडलेली, कोपऱ्यात भेळीचा गाडा, कॅरमचा बोर्ड.

"सातला भोंगा वाजला की बाप्ये घरात काय करणार? टीव्ही न्हाई, मोबाईल न्हाई, बायको अभ्यास घेत बसलेली. सगळे हितं येत्यात. रिचार्जात मिळत न्हाई तेवढं भेळीत मिळतंय. बोंब मारतो ती सवयीनं. काल भोंगा वाजला न्हाई, तर माझी भेळ तशीच राहिली. मी कशाला चोरीन?"

"पोरांच्या अभ्यासासाठी काढलेल्या भोंग्यावर तुमची भेळ विकली जाते."

"आता ते कुणी ठरवून थोडंच केलंय," धैर्यशील म्हणाला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "भोंग्यापायी खरं कुणाचं बिनसलं असंल तर त्या साक्षीचं. तिचा मोबाईल काढून घेतला समितीनं. चारचौघांत. लय रडली बिचारी."

त्याच वेळी केरबाचा फोन आला. काल ज्या नंबरवरून निरोप आला होता त्याचं नाव त्यानं काढलं होतं. नंबर साक्षीचा होता.

४

साक्षीचं घर गिरणीच्या समोर होतं, मध्ये फक्त रस्ता. नवरा फौजेत, लडाखकडं. चोवीस-पंचवीस वर्षांची पोरगी, ओसरीवर शेंगा फोडत बसलेली. पोलीस बघून तिच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"काल एकशे बाराला फोन तुम्ही केलात?"

"मी? माझ्याकडं फोन कुठाय?" तिचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "ह्यांचा फोन सातनंतरच लागतो तिकडनं. लाईनीत नंबर लागंल तवा. मी एकदा उचलला, दोनदा उचलला. सुभेदारांनी येऊन काढून घेतला. महिना झाला, त्यांच्या कपाटात पडलाय. सासऱ्यांच्या फोनवर बोलते आता, तेबी सगळ्यांच्या देखत."

जिन्याची चावी सुभेदारांच्या घरात. ज्या फोनवरून बातमी आली तो फोनही सुभेदारांच्या घरात. आणि कुलूप घातलेल्या मोबाईलवरूनही एकशे बारा लागतो, त्याला कुणाचा पासवर्ड लागत नाही. आवाज बाईचा होता. त्या घरात बायका दोन, त्यातली एक कुठं आहे ते खोटं सांगितलं जात होतं. फोन सुनेनं केला असेल, आणि तो करताना ती सापडली असेल, तर?

ती साक्षीजवळ ओसरीवर बसली.

"स्वानंदीला शेवटचं कधी पाहिलंत?"

"सोमवारी. गिरणीत जाताना."

"येताना?"

साक्षीनं मान खाली घातली. "न्हाई पाहिलं."

"काल दुपारी गिरणीकडं कोण कोण आलं?"

"राहीकाकूच काय त्या. पाटी घेऊन आल्या डोक्यावर, वर जोंधळा. ओझं लय असावं. मानेच्या शिरा ताठलेल्या. दुसरं दळण कुणाचं न्हवतं." ती थांबली. "गिरणी तरीबी चालूच होती. हल्ली दुपारची चालूच असती. गिऱ्हाईक नसलं तरी."

"रिकामी?"

"रिकामीच. कळतं की आवाजावरनं. दगडावर दगड घासतो. जळका वास येतो पार हितंवर."

"पूर्वीपण चालायची अशी?"

"न्हाई. पूर्वी दुपारची बंद असायची. तवा..." साक्षीनं शेंगांची टोपली उगाच पुढं सरकवली. "तवा संध्याकाळी त्यांच्या घरात टीव्ही मोठा असायचा. लय मोठा. भोंगा आला आणि तो बंद झाला. तवापासनं त्या घरातनं संध्याकाळचा हूं की चूं न्हाई."

"टीव्ही एवढा मोठा कशाला लागायचा, साक्षी?"

साक्षीची नजर संयोगिताच्या खांद्यावरून पलीकडं गेली.

समोर गिरणीत, आत कुणाचंही दळण नसताना, पट्टा फिरायला लागला.

५

संयोगिता धावली नाही. धावत गेलं तर दार आतून लागेल, हे तिला कळत होतं. तिनं सयाजीला खूण केली आणि रस्ता ओलांडून सावकाश गिरणीच्या पायऱ्या चढली. शिवतेज दारातच भेटला. अंगावर पीठ नव्हतं.

"मॅडम, तुमी हिकडं?" गिरणीच्या आवाजात त्याला ओरडावं लागत होतं.

"भोंगा शोधतेय."

तो मनापासून हसला. "माझ्या गिरणीत?"

तिनं चिंधी दाखवली. "तारांना बांधली होती. पीठ लागलंय हिला. गावात पिठाची जागा एकच."

भोंगा आपण चोरलेला नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तो बाजूला झाला. "बघा की. खुशाल बघा."

तिनं भिंतीवरचा खटका आधी पाडला. गिरणी कण्हत थांबली. एवढा वेळ कानठळ्या बसवणारी जागा एकदम रिकामी झाल्यासारखी वाटली. मागच्या बाजूला एक दार होतं, बाहेरून कडी आणि कडीला कुलूप.

"ती धान्याची खोली," शिवतेज म्हणाला. त्याचं हसू अजून तोंडावरच होतं, पण डोळ्यांतून गेलं होतं. "चावी हरवलीया."

एवढ्यात सुभेदार आले. त्यांच्यामागं धैर्यशील आणि देवळापासून मागं लागलेली दहा-बारा माणसं. साक्षीही रस्त्यावर येऊन उभी राहिली होती.

"मॅडम, हे काय चाललंय?" सुभेदार म्हणाले. "आपलं गाव तंटामुक्त हाय. जे काय असंल ते समितीपुढं मांडा. मी अध्यक्ष म्हणून सांगतोय."

"तंटा कुठं आहे, सुभेदारसाहेब? मी चोरीचा माल शोधतेय. तुमच्याच गावाचा."

"तिथं भोंगा न्हाई."

"मग उघडायला हरकत काय? शनिवारी पथक येतंय. भोंगा नको का?"

जमलेल्या माणसांत चुळबूळ झाली. धैर्यशील म्हणाला, "उघड की रं शिवतेज. असला तर असला, न्हाई तर न्हाई. गावाच्या अब्रूचा सवाल हाय गड्या." आणखी दोघातिघांनी त्याची री ओढली. ज्या अब्रूसाठी आजवर ह्या माणसांनी कान बंद ठेवले होते, त्याच अब्रूसाठी ती आता दार उघडा म्हणत होती.

शिवतेज हलला नाही. मग दाराच्या आतून आवाज आला. फार मोठा नव्हता. कुणीतरी फळीवर नखांनी खरवडत होतं.

सयाजीनं कुलूप तोडलं.

स्वानंदी पोत्यांना टेकून बसली होती. डावा हात कोपरापासून सुजून काळानिळा झालेला, आणि सुती चिंधीनं गळ्यात बांधलेला. तसल्याच चिंधीनं, जशी संयोगिताच्या मुठीत होती. शेजारी पाण्याचा तांब्या, अर्धी भाकरी. उजेडाला तिनं डोळे मिटले आणि विचारलं, "बाई पोलीस आल्या का?"

दाराच्या अलीकडं रिकाम्या पोत्यांचा ढीग होता. सयाजीनं पोती उचलली. खाली भोंगा होता.

"मी न्हाई आणला हितं," शिवतेज ओरडला. "आईची आण, मी चोरला न्हाई."

"माहीत आहे मला," संयोगिता म्हणाली.

६

शिवतेजला सयाजीनं जीपमध्ये बसवलं. सुभेदार गिरणीच्या पायरीवर बसून राहिले. त्यांच्याशी कुणी बोलत नव्हतं आणि ते कुणाकडं बघत नव्हते. ॲम्ब्युलन्स यायला वेळ होता. राहीबाई स्वानंदीला पाणी पाजून बाहेर आल्या, तेव्हा संयोगितानं त्यांना बाजूला घेतलं.

"मावशी, काल तुम्ही पाटीभर जोंधळा गिरणीत आणलात. आणि आज घरात पीठ नाही."

राहीबाईंनी पदर कपाळावर ओढून घेतला.

"जोंधळा वरवर होता. खाली भोंगा. दुपारी सुभेदार झोपल्यावर खुंटीची चावी घेतली, गच्चीवर गेलात, बोल्ट काढलेत. डोक्यावर पाटी घेऊन गिरणीत जाणाऱ्या बाईकडं कोण बघतं? आधी कपाटातला साक्षीचा फोन काढून चार्ज केलात, मग त्यावरून आम्हाला बोलावलंत. मला वाटलं होतं स्वानंदीनं केला असेल. पण ती सोमवारपासून कुलपात होती. राहिलात तुम्ही एकट्याच."

"चिंधी मीच लावली," राहीबाई म्हणाल्या. "पोरं चढत्यात वर. आणि म्हटलं, पीठ बघून तरी तुमी हिकडं याल."

"सरळ सांगायचं होतंत. सकाळी मी तुमच्या घरात होते."

"त्यो आत बसल्याला. आणि न्हाई निघत बाई तोंडातनं. पोटचा हाय." त्या बराच वेळ हाताला लागलेलं पीठ लुगड्याला पुसत राहिल्या. "सांगितलं न्हाई असं न्हाई. दोन वर्षांमागं हिला घिऊन समितीपुढं गेले. तंटामुक्तीपुढं. आमच्या घरच्याच सोप्यात बसली समिती. ह्यांनीच हिच्या वटीत नारळ घातला, चहा झाला, मिटलं म्हणाले. त्याच साली तंटामुक्तीचं बक्षीस मिळालं. समितीनं काय केलं, तर गावाचं भांडण गावाबाहेर जाऊ दिलं न्हाई. हिचं रडणंबी न्हाई."

"आणि भोंगा?"

"भोंगा लागला तवा मला बरं वाटलं. संध्याकाळी सगळं गाव चिडीचूप, भिंतीला भिंत. हात उचलला तर आवाज जाणार. दीड तास तरी त्यो गप बसायचा. मी रोज सातची वाट बघायची." त्यांनी गिरणीकडं पाहिलं. "मग त्यानं हिला हितं न्यायला सुरवात केली. दुपारची. सोमवारी हात मोडला. दवाखान्यात न्यायचा म्हटलं तर म्हणाला, पथक येऊन जाऊ दे, मग बघू. ह्यांनीबी मान हलवली."

"म्हणून भोंगा चोरलात."

"बाईला मारलं म्हणून फोन केला असता, तर तुमच्या ठाण्यातनं पहिला फोन ह्यांनाच आला असता. अध्यक्ष हायत ते. समजुतीनं घ्या म्हणाले असते. भोंगा गेला तर तसं न्हाई. भोंगा समद्या गावाचा हाय."

ठाण्यात काल सगळे हसले होते, ते संयोगिताला आठवलं. हसत का होईना, जीप मात्र दिली होती.

"चोरी माझ्या नावावर लिवा," राहीबाई म्हणाल्या.

"ते नंतर बघू. भोंगा गावाच्या हद्दीत सापडला, एवढं तूर्त पुरे."

७

सांगलीच्या दवाखान्यात प्लास्टर घालून होईपर्यंत दुपार टळली. दोन ठिकाणी हाड मोडलं होतं. डॉक्टरांनी जुन्याही खुणा दाखवल्या, बरगडीवरच्या, मनगटावरच्या. स्वानंदीचे आईवडील वाईहून निघाले होते. सोमवारपासून लेकीचा फोन लागत नव्हता, तो भोंग्याच्या नियमापायी समितीनं काढून घेतला असेल, असंच ते समजत होते.

संयोगिता खाटेजवळ खुर्ची ओढून जबाब घ्यायला बसली. राहीबाई पायथ्याशी जमिनीवर बसल्या होत्या. खुर्ची दिली तरी घेतली नव्हती.

स्वानंदी हळू पण सलग बोलत गेली. पहिली थप्पड, टीव्हीचा आवाज, समितीतला नारळ, गिरणी. सासरे काय म्हणाले ते. हात कसा पिरगाळला ते. मध्ये एकदा पाणी मागितलं. राहीबाई उठल्या, भांडं तिच्या तोंडाला लावलं आणि पुन्हा खाली बसल्या.

"सोमवारी रात्री आणि काल," संयोगितानं विचारलं, "भाकरी-पाणी कोण देत होतं?"

"आई. ह्या. कुलूप तो काढायचा."

"भोंगा त्यांनी चोरला, तुझ्यासाठी. ते तुला कळलंय ना?"

"कळलंय." स्वानंदीनं मान वळवून राहीबाईंकडं पाहिलं. "एक राहिलं, मॅडम. तेही लिहा. गिरणीत पहिल्यांदा नेलं, तेव्हा तो आत होता. बाहेरून कडी ह्यांनी घातली. त्यानं सांगितलं आणि ह्यांनी घातली. दुसऱ्यांदाही. मी आतून आई, आई म्हणत होते."

वॉर्डात पलीकडच्या खाटेवर कुणीतरी खोकत होतं. संयोगिताचं पेन कागदावर थांबलं. तिनं राहीबाईंकडं पाहिलं. नाही म्हणतील, रडतील, पाय धरतील, असं काहीतरी तिला वाटलं होतं.

राहीबाईंनी पदर नीट केला. "व्हय," त्या म्हणाल्या. "घातली मी कडी. लिवा बाई. ती म्हणतीया तसंच लिवा."

संयोगितानं ते वाक्य लिहिलं. मग सगळा जबाब पहिल्यापासून मोठ्यानं वाचून दाखवला, दोघींनाही ऐकू जाईल असा. सही करायला स्वानंदीला उजव्या कुशीवर टेकून उठावं लागत होतं. राहीबाई आधार द्यायला पुढं झाल्या आणि मध्येच थबकल्या.

स्वानंदीनं त्यांना ये म्हटलं नाही, नको म्हटलं नाही. ती आपली आपण उठली, पेन घेतलं, आणि सही केली.